परतीचा पाऊस आणि स्ट्रॉबेरीचा गाडला गेलेला गाभा

परतीचा पाऊस अजून गेलेला नाही. स्ट्रॉबेरी लावली असेल तर आज संध्याकाळी प्रत्येक कुंडीपाशी बसून गाभा बघा. मुळांच्या वर, पानांच्या खाली जे आखूड जाड खोड असते आणि ज्यातून नवे पान फुटते, तो गाभा. तो मातीच्या वर उघडा हवा. पावसाने उडालेली माती त्यात बसली असेल तर बोटाने काढून टाका. मुळे मात्र उघडी राहू देऊ नका, ती सुकतात.

वाई-पाचगणीची राने असोत की पुण्यातल्या गच्च्या, रोपे मरताना पाहिली ती बहुतेक याच चुकीने. रोगाचे नाव मागाहून कळते, सुरुवात गाडलेल्या गाभ्यापासूनच होते.

यंदा 'जपानी स्ट्रॉबेरी'ची विचारणा फार आहे. फुकुओकाची अमाओ, तोचिगीची तोचिओतोमे, पांढऱ्या जाती. त्यांच्या नावाने पाकिटातले बी विकतात, ते घेऊ नका. या जाती धावत्या वेलींवर फुटणाऱ्या लहान रोपांपासून, म्हणजे पिल्लांपासून वाढवतात. फळातले बी पेरले तर तीच जात येत नाही. योत्सुबोशीसारखी बियांपासून लावायची जपानी जात हा अपवाद. निळी स्ट्रॉबेरी तर अस्तित्वातच नाही. नोंदणीकृत जाती देशाबाहेर नेण्यावर जपानने 2021 पासून निर्बंध आणले आहेत, आणि आपल्याकडे परदेशी रोपाला आयात परवाना व क्वारंटाइन तपासणी लागते. पिशवीत लपवून रोप आणू नका, त्याबरोबर रोगही येतो.

रोप वाई-पाचगणीचेच घ्या, स्वीट चार्ली किंवा विंटर डॉन. पद्धत मात्र जपान्यांची उचला. एकाच वेलीवरच्या पिल्लांना ते तारो, जिरो, साबुरो म्हणतात, म्हणजे थोरला, मधला, धाकटा. थोरला बहुधा सोडून देतात, कारण तो जून होतो आणि आईचा, म्हणजे मूळ रोपाचा रोग त्याच्यात उतरण्याची भीती जास्त. दुसरे म्हणजे, आईकडच्या वेलीचा तुटका देठ कुंडीच्या मागच्या बाजूला ठेवून लावतात. फुलांचे घोस त्याच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे पुढे येतात. फळ कडेवरून लोंबते, मातीला टेकत नाही.

बाकीची कामे:
- कुंडी 8 इंची, तळाला भोके मोकळी
- पोयटा, कोकोपीट, गांडूळ खत समप्रमाणात
- लागवडीआधी मुळे ट्रायकोडर्माच्या (रोगाला रोखणारी उपयोगी बुरशी) द्रावणात, 10 ग्रॅम प्रति लिटर, 15 मिनिटे
- पाणी सकाळी, बुडाशी, पानांवर नाही
- पहिली फुले आणि नव्या वेली खुडणे
- भुरी (पानांवर पांढरी पूड) दिसल्यास पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक, 2 ग्रॅम प्रति लिटर. कडक उन्हात नाही

माती ओली असूनही दुपारी पाने मलूल होत असतील तर रोप उपटून गाभा उभा चिरा. आत तांबूस-तपकिरी दिसले की ते रोप मातीसकट बाहेर टाका. दुकानदार अशा वेळी टॉनिक, ह्युमिक, 'जपानी फॉर्म्युला' पुढे करतो. सडलेला गाभा कशानेही भरून येत नाही, ते पैसे नव्या रोपांना ठेवा.

माझा अनुभव असा, शास्त्राचा दाखला देता येणार नाही: पावसानंतर दोन दिवस ढगाळ उकाडा राहिला की तिसऱ्या दिवशी रोपे माना टाकू लागतात. म्हणून पावसाचा अंदाज असेल तर कुंड्या छपराखाली घ्या, जागा नसेल तर वर प्लॅस्टिक ताणा, बाजू मोकळ्या ठेवून. पाऊस थांबला की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गाभे मोकळे करा.