स्वस्तातला बँजो आणि सराफ्यातला काटा

ग्वाल्हेरात बाड्याजवळच्या वाद्यांच्या दुकानात बँजो मागितलात तर तुमच्यापुढे बुलबुल तरंग ठेवतील, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. तोही गोड वाजतो, पण मी सांगणार आहे तो पाच तारांच्या बँजोबद्दल. आफ्रिकेतून गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून जी वाद्यं केली, त्यांच्या घराण्यातला हा.

माझा बँजो पुण्याच्या भाच्याकडून आला. त्याचा उत्साह ओसरला होता, त्याने तो मला नऊ हजारांना दिला. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. लहानपणी पेटी शिकले होते, तेवढीच शिदोरी. स्वस्तातला बँजो घेणाऱ्यांना मला एकच सांगायचं आहे: वर्षभर दुसरा बँजो शोधू नका, आहे त्याची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) आणि पुडी (ताणलेला पडदा) नीट करा. आवाजाचा फार मोठा भाग तिथे असतो.

घेताना चारऐवजी पाच तारांचा आहे ना ते बघा. चार तारांचे बँजोही मिळतात, त्यांचं वादन निराळं. एका डोळ्याने दांडीवरून नजर टाका, ती वाकलेली नको. पाचव्या तारेची खुंटी दांडीच्या मध्येच, पाचव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) असते. ती नुसती दाबून बसवलेली असेल तर सुरात ठेवताना जीव मेटाकुटीला येतो, आत दातेरी चाक असलेली असेल तर उत्तम. मागे लाकडी झाकण नसलेला बँजो हलका असतो आणि स्वस्तही.

पार्सल उघडल्यावर घोडी आडवी पडलेली दिसली तर घाबरू नका. बँजोची घोडी चिकटवलेली नसतेच, फक्त तारांच्या दाबाने उभी राहते. दांडीच्या टोकाला तारांच्या खाचांची पट्टी असते. तिथून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि तेवढंच अंतर पुढे सोडून घोडी ठेवा. माझ्या बँजोवर ते ३३ सेंटिमीटरपेक्षा किंचित जास्त आहे. मग कानाने तपासा. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून छेडा, नंतर त्याच फ्रेटवर दाबून छेडा. दाबलेला सूर चढा आला तर घोडी दांडीपासून थोडी लांब सरकवा, उतरलेला आला तर जवळ आणा. जाड तारेकडची बाजू जराशी मागे राहते, ते बरोबरच आहे. जागा ठरली की घोडीच्या पायांभोवती पेन्सिलीने खूण करा.

आता सूर. ज्याच्या घरी पेटी आहे त्याला हे अगदी सोपं. पांढरी पाचचा सा धरा. चौथी तार मंद्र पंचम, तिसरी सा, दुसरी शुद्ध गंधार, पहिली पंचम, आणि ती आखूड पाचवी तार वरचा सा. पाचवी तार म्हणजे सतार-सरोदची चिकारीच समजा, सारखी मधूनमधून वाजत राहते.

पुडी सैल असेल तर घोडी तिच्यात रुतते आणि आवाज गादीवर पडल्यासारखा येतो. कडेच्या हुकांचे नट पान्याने आवळायचे असतात, पण एका वेळी जेमतेम अष्टमांश फेरा, आणि एक आवळला की त्याच्या बरोबर समोरचा. तबल्याचे गट्ठे ठोकताना फिरत फिरत जातात तसंच. तारांवर तळवा ठेवून घोडीपासून दूर पुडीवर बोटाने टिचकी मारा. जो सूर येतो तो पेटीवर शोधा. काळी चारच्या आसपास आला की थांबा. मी हे काम तीन दिवसांत केलं, रोज थोडं थोडं. घाईत पुडी फाटते. बकऱ्याचं कातडं बसवायची हौस मात्र करू नका. आमच्याकडे मे महिन्यात लू वाहते आणि जुलैत भिंतींना ओल येते. अशा हवेत कातडं आवळतं आणि सुटतं, प्लास्टिकच्या पुडीला त्याचं काही वाटत नाही.

घोडीचं गुपित मला जीवाजीगंजात, सरोद घरात कळलं. सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांच्या घराण्याच्या त्या वास्तूत सरोद बघत उभी राहिले आणि लक्षात आलं की कातड्यावर उभी असलेली घोडी इथेही तीच आहे. मग बँजो घेऊन सरोद दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेले. त्यांनी एकच तार छेडली आणि म्हणाले, "बहनजी, घोड़ी मोटी है, आवाज़ अंदर ही रह जाती है।"

घोडी पिशवीत घालून मी सराफ्यात गेले. ओळखीच्या सोनारांनी काट्यावर ठेवली: ३.४ ग्रॅम. बँजोच्या चांगल्या घोड्या बहुतेक दोन ते अडीच ग्रॅमच्या असतात, मेपलच्या, वर आबनूसची पट्टी लावलेल्या. काचेवर बारीक पॉलिशपेपर पसरून मी घोडीची एक बाजू घासली, वरचा भाग निमुळता होत गेला. पायांचे तळवे घासू नका, त्याने उंची कमी होते आणि तारा फ्रेटवर खडखडतात. दर खेपेला थोडं घासायचं, मग बसवायचं, ऐकायचं. चौथ्या खेपेला बँजो घेऊनच सराफ्यात गेले, काट्याने २.५ दाखवलं आणि पहिली तार अशी खणखणली की सोनारांच्या गल्ल्यावरचा मुलगाही बघायला उठला. त्यापुढे मी गेले नाही. घोडी फार हलकी झाली तर आवाज किरकिरा होतो आणि घासलेलं लाकूड परत येत नाही. तारांच्या खाचांत पेन्सिलीचं शिसं चोळा, म्हणजे तार अडकत नाही.

आवाज तरी जास्तच कर्कश वाटला तर जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घडी करून मागच्या बाजूने पुडी आणि आतल्या दांड्याच्या मध्ये हलकेच बसवा. शेजाऱ्यांना त्रास न होता दुपारी वाजवता येतं.

बँजोच्या तारेला टोकाला फास असतो. तशा तारा इथे दुकानात मिळत नाहीत, मागवाव्या लागतात. अडल्यावेळी तेवढ्याच जाडीची गिटारची तार घ्या आणि टोकाचा पितळी मणी पक्कडीने हळूच फोडून काढा, फास तयार. चष्मा लावूनच करा. पाचव्या तारेचा सूर चढवायला दांडीत खिळे ठोकणं, नक्षी, रंग हे पहिल्या वर्षी राहू द्या.

पहिला धडा केरव्याच्या आठ मात्रांत, ३+३+२ असा. अंगठ्याने तिसरी, तर्जनीने दुसरी, मधल्या बोटाने पहिली. अंगठ्याने पाचवी, मग पुन्हा दुसरी, पहिली. शेवटी अंगठ्याने तिसरी आणि मधल्या बोटाने पहिली. सा ग प, सां ग प, सा प. डाव्या हाताला यात काहीच काम नाही. तार छेडायला बोटांत घालायच्या नख्या बोटाच्या पेरावर, आतल्या बाजूला बसतात.

आणि तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नका. एक काढा, नवी चढवा, मग दुसरी, नाहीतर घोडी पडते आणि पेन्सिलीच्या खुणा असूनही अर्धा तास पुन्हा कान लावून बसावं लागतं.