बॉस्टनमध्ये राहता? वस्तीच्या लिएझनकडून काम कसं करून घ्यावं

गल्लीच्या कोपऱ्यावरचा दिवा बंद पडतो. तुम्ही तक्रार नोंदवता. काही दिवसांनी निरोप येतो: तक्रार निकाली. संध्याकाळी बाहेर पडून पाहता, तर काळोख तसाच. पुन्हा नोंदवता, पुन्हा तेच. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. आपल्या मराठी मंडळींतले काही जण तर ‘आपण कुठे इथले मतदार’ म्हणून फोनच करत नाहीत.

नेमक्या याच टप्प्यासाठी शहराने माणसं नेमली आहेत. त्यांना नेबरहूड लिएझन म्हणतात. ते महापौरांच्या ‘ऑफिस ऑफ नेबरहूड सर्व्हिसेस’मध्ये काम करतात आणि त्यांच्यात वस्त्या वाटून दिलेल्या असतात: डॉर्चेस्टर, ईस्ट बॉस्टन, जमैका प्लेन, ऑल्स्टन-ब्रायटन वगैरे. हैतियन, केप व्हर्डियन, व्हिएतनामी अशा समाजांशी संपर्क ठेवणारे लिएझनही असतात. त्यांच्याकडे जायला ना नागरिकत्व लागतं, ना मतदार यादीत नाव, ना स्वतःचं घर. भाड्याने राहणाऱ्याचा दिवाही तितकाच बंद असतो.

आधी हे पद समजून घ्या

महाराष्ट्रात महापालिकेचे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. बॉस्टनमध्ये तसं नाही. रस्ते, वाहतूक, उद्यानं, इमारत तपासणी हे विभाग थेट महापौरांच्या हाताखाली चालतात. म्हणून महापौर कार्यालयातून आलेल्या फोनला विभागात वजन असतं, आणि लिएझनची खरी ताकद तीच. त्यांच्याकडे स्वतःचा कामगार नाही, खड्डा बुजवायला निधी नाही, कुणाला हुकूम देण्याचा अधिकार नाही. कुठलं काम कुणाच्या टेबलावर अडलंय हे त्यांना माहीत असतं आणि त्या टेबलापर्यंत ते पोचू शकतात.

लिएझन म्हणजे नगरसेवक नव्हे, हेही लक्षात ठेवा. बॉस्टनच्या सिटी कौन्सिलमध्ये १३ सदस्य आहेत: ९ आपापल्या मतदारसंघातून निवडून आलेले आणि ४ संपूर्ण शहरातून. ते महापौरांशी जाहीर भांडू शकतात. लिएझन महापौरांचे कर्मचारी असतात. तुमचा विरोध महापौरांच्या धोरणालाच असेल, तर लिएझन तुमचं म्हणणं वर पोचवतील, पण तुमच्या बाजूने लढणार नाहीत. त्यासाठी नगरसेवक गाठा.

ही कल्पना बॉस्टनला नवी नाही. १९६८ मध्ये महापौर केव्हिन व्हाइट यांनी वस्त्यावस्त्यांत ‘लिटल सिटी हॉल’ उघडले होते, काही तर चक्क ट्रेलरमध्ये. पुढे पैशांची चणचण झाली आणि ते बंद पडले. १९८४ मध्ये महापौर झालेल्या रे फ्लिन यांच्या काळात नेबरहूड सर्व्हिसेसचं हे कार्यालय उभं राहिलं. मला वाटतं, ट्रेलर गेले याचं नुकसान आजही जाणवतं. दाराशी असलेलं कार्यालय आणि ईमेलच्या पलीकडे असलेला माणूस यांत फरक आहे. आता तो ईमेलच नीट लिहायला शिकायचं.

पहिली पायरी: काम शहराचं आहे का ते पाहा

यात चूक झाली की महिने वाया जातात. सबवे आणि बस चालवणारी एमबीटीए ही राज्याची संस्था. स्टॉरो ड्राइव्हसारखे काही मोठे रस्ते आणि नदीकाठची काही उद्यानंही राज्याच्या ताब्यात. विजेच्या तारा आणि गॅसच्या वाहिन्या खासगी कंपन्यांच्या. अशा कामात लिएझन फार तर योग्य माणूस दाखवतील. तेही कमी नाही, पण अपेक्षा तेवढीच ठेवा.

दुसरी पायरी: आधी ३११, मग लिएझन

थेट लिएझनला लिहिण्याचा मोह आवरा. आधी ३११ वर, म्हणजे शहराच्या तक्रार नोंदवण्याच्या क्रमांकावर, फोन करा किंवा त्याच्या ॲपवरून तक्रार द्या. ॲपवरून दिलीत तर फोटो जोडा, जागेची खूण नेमकी ठेवा. तुम्हाला तक्रार क्रमांक मिळेल, तो जपून ठेवा. तक्रार न सोडवता बंद झाली, तर ‘बंद केली’ या निरोपाचा आणि त्याच दिवशी काढलेल्या जागेचा फोटो शेजारी शेजारी ठेवा. लिएझनच्या हातात याहून भक्कम काही देता येत नाही. क्रमांक नसेल, तर तेही तुम्हाला आधी ३११ कडेच पाठवतील. त्यात टाळाटाळ नसते: विभागाला विचारायचं तर त्यांनाही तो क्रमांक लागतो.

तिसरी पायरी: ईमेल

तुमच्या वस्तीचे लिएझन कोण, हे शहराच्या संकेतस्थळावर मिळतं, ३११ वर विचारलं तरी कळतं. एका ईमेलमध्ये एकच विषय घ्या. दिवा, कचरा, पार्किंग आणि शेजाऱ्याचा कुत्रा एकत्र आले की ते पत्र चार विभागांत वाटावं लागतं आणि मग कुणाचंच राहत नाही. विषयाच्या ओळीत जागा आणि तक्रार क्रमांक लिहा. मजकूर साधारण असा ठेवा:

‘मी अमुक रस्त्यावर सहा वर्षं राहतो. घर क्रमांक ४२ समोरचा दिवा २ तारखेपासून बंद आहे. ३११ वर दोनदा नोंदवलं, क्रमांक सोबत आहेत. दोन्ही वेळा तक्रार निकाली दाखवली, पण दिवा बंदच आहे, फोटो जोडला आहे. इथून शाळेची मुलं अंधारात जातात. दुरुस्ती कुठे अडली आहे आणि कधीपर्यंत होईल, एवढं विभागाकडून विचारून कळवाल का?’

शेवटचं वाक्य पाहा. त्यात ‘काहीतरी करा’ नाही, उत्तर देता येईल असा प्रश्न आहे. तो प्रश्न लिएझन जसाच्या तसा विभागाकडे पुढे पाठवू शकतात. राग आला असेल, आणि तो रास्तही असेल, पण तो पत्रात आला की आधी रागाला उत्तर मिळतं, दिवा मागे राहतो.

आठवड्याभरात उत्तर नाही आलं, तर त्याच ईमेलखाली दोन ओळी लिहा. नवं पत्र नको, आधीचा धागा तुटतो. त्यानंतरही शांतता असेल तर त्याच धाग्यात तुमच्या मतदारसंघाच्या नगरसेवकाच्या कार्यालयाला जोडा.

शेजारी बांधकाम होणार असेल तर

यावर जास्त लिहितोय, कारण इथे उशीर झाला की परतीची वाट उरत नाही. दिवा आज ना उद्या लागेल, पण उभी राहिलेली इमारत कुणी खाली उतरवत नाही.

समजा शेजारच्या मालकाला एक मजला चढवायचा आहे आणि तो झोनिंगच्या, म्हणजे कुठे काय आणि किती बांधता येतं याच्या, नियमांत बसत नाही. तपासणी विभाग परवाना नाकारतो. मालक झोनिंग बोर्डाकडे अपील करतो. बोर्डापुढे सुनावणी होण्याआधी तुमच्या वस्तीचे लिएझन लगतच्या रहिवाशांची बैठक बोलावतात. साधारण ३०० फुटांच्या आत राहणाऱ्यांना तिची सूचना जाते. २०२० नंतर अशा बऱ्याच बैठका ऑनलाइन होतात, त्यामुळे मुलांना झोपवूनही हजर राहता येतं. दारावर टाकलेली किंवा टपालाने आलेली ती चिठ्ठी जाहिरात समजून फेकू नका.

बैठकीत लिएझन काहीही मंजूर किंवा नामंजूर करत नाहीत. ते ऐकतात आणि लिहून घेतात. पुढे सुनावणीत कार्यालयाचा प्रतिनिधी महापौर कार्यालयाची भूमिका मांडतो, आणि ती ठरवताना या बैठकीतलं बोलणं पाहिलं जातं. म्हणून जाण्याआधी नकाशे मागवून बघा. मालक नेमकी कुठली सूट मागतोय, ते शोधा: उंचीची, मागच्या मोकळ्या जागेची, की पार्किंगची? मग त्यावरच बोला. ‘वस्तीचं रूप बिघडेल’ या वाक्याचं लिएझनना काही करता येत नाही. ‘मागची गच्ची आमच्या शयनगृहाच्या खिडकीपासून आठ फुटांवर येते, तिथे आडोसा हवा’ याचं करता येतं. बोर्ड अशा अटी घालूनही परवानगी देऊ शकतं. तुमचा पाठिंबा असेल तर तोही बोला. विरोधकच येतात म्हणून वस्तीचा सूर विरोधाचाच ऐकू येतो.

बैठक झाल्यावर तेच मुद्दे लेखी द्या, अपिलाचा क्रमांक घालून. एक प्रत बोर्डाला, एक लिएझनना. आणि सुनावणीच्या तारखेवर लक्ष ठेवा, ती पुढेही ढकलली जाते.

२०,००० चौरस फुटांहून मोठ्या प्रकल्पांची वाट वेगळी आहे. ते झोनिंगच्या नियमांतल्या आर्टिकल ८० या कलमाखाली नियोजन विभागाकडे जातात, तिथे प्रकल्पाचा वेगळा अधिकारी असतो. लिएझनना विचारलंत तर त्याचं नाव सांगतील.

ओळख आधीच करून ठेवा

बऱ्याच वस्त्यांत रहिवाशांची सिव्हिक असोसिएशन असते आणि तिची बैठक ठरावीक दिवशी भरते. तिथे लिएझन अनेकदा येतात, शहराच्या बातम्या सांगतात, प्रश्न घेतात. काही काम नसतानाही एकदा जा, नाव सांगा, कुठल्या गल्लीत राहता ते सांगा. पुढे तुमचा ईमेल पोचेल तेव्हा त्यामागचा चेहरा त्यांना माहीत असेल.

एक अडचण मात्र येतेच. हे काम करणारी मंडळी पुष्कळदा तरुण असतात आणि दुसऱ्या पदावर निघून जातात. त्यांच्याबरोबर तुमच्या गल्लीची माहितीही जाते. म्हणून तक्रार क्रमांक, ईमेल, फोटो हे सगळं एका फोल्डरमध्ये तुमच्याकडे ठेवा, शक्यतो शेजारच्या दोघातिघांनाही त्यात घ्या. नवे लिएझन आल्याचं कळलं की अजून न सुटलेल्या एका कामाचा जुना धागा त्यांना पाठवा, आणि असोसिएशनच्या पुढच्या बैठकीची तारीख त्याच ईमेलमध्ये कळवा.