डग्गा कुठे गेला? हेडफोन घेताना आणि वापरताना या चुका टाळा

एका अभंगाचं मिक्सिंग, म्हणजे रेकॉर्ड केलेले सगळे आवाज एकत्र जुळवण्याचं काम, मी सलग तीन रात्री बसून केलं होतं. हेडफोनवर डग्गा इतका घुमत होता, की मीच तो दोनदा खाली आणला. चौथ्या दिवशी मित्राच्या गाडीत गाणं लावलं, तर डग्गा जागेवरच नाही. नुसती तबल्याची टिकटिक आणि टाळ. मित्र म्हणाला, "तबलजीने एकाच हाताने वाजवलंय का रे?" गाडीच्या स्पीकरचा काही दोष नव्हता. माझा हेडफोन बेस वाढवून ऐकवत होता, म्हणून तो मी गाण्यातून काढत सुटलो होतो.

दुकानात कानाला लावल्या लावल्या जो हेडफोन आवडतो, तो मिक्सिंगला बहुधा कुचकामी असतो. आपल्याला गोड बोलणारा नको, खरं बोलणारा हवा. आता शंभर टक्के खरं बोलणारा कोणताच नसतो. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो वरच्या पट्टीत टोचतो, त्यामुळे त्यावर मिक्स करणारे 'स' आणि 'श' गरजेपेक्षा जास्त बोथट करून ठेवतात. सेनहायझरच्या एचडी ६०० वर गायकाचा आवाज सुरेख उलगडतो, पण अगदी खालचा बेस त्याला पेलत नाही. म्हणून नवीन हेडफोन आला की लगेच कामाला जुंपू नका. पाठ असलेली आठ-दहा गाणी त्यावर पंधरा दिवस ऐका. त्याची खोड एकदा कानाला कळली की हात आपोआप आवरतो.

एकाच हेडफोनवर सगळं

क्लोज्ड-बॅक हेडफोनच्या वाट्या मागून बंद असतात, ओपन-बॅकच्या जाळीदार. ओपन-बॅकवर आवाज मोकळा लागतो, तासन्‌तास काम करता येतं. पण तोच घालून गायला बसलात तर क्लिक (तालाची टकटक) आणि ट्रॅक जाळीतून बाहेर पडून थेट माइकात शिरतात. गाण्यातल्या शांत जागी, दोन ओळींच्या मध्ये, ती टकटक ऐकू येते आणि नंतर ती काढणं म्हणजे तांदळातले खडे वेचणं. गाण्याच्या रेकॉर्डिंगला क्लोज्ड-बॅकच हवा: सोनीचा एमडीआर ७५०६, ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स, बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ही त्यातली नेहमीची नावं. बजेट एकाच जोडीचं असेल तर डोळे मिटून क्लोज्ड-बॅक घ्या. ओपन-बॅकवर रेकॉर्डिंग होत नाही, क्लोज्ड-बॅकवर मिक्सिंग मात्र निभावून नेता येतं.

आपल्याकडचे बरेच गायक सूर सांभाळायला एक कान मोकळा ठेवतात. त्याला आक्षेप नाही, पण ती मोकळी वाटी तशीच वाजत राहते. तिला गालावर किंवा डोक्यावर घट्ट दाबा, किंवा क्लिक पूर्णपणे झाकलेल्या कानाकडे पॅन करा (वळवा).

ओहमचा आकडा

ओहम म्हणजे हेडफोनचा विद्युत रोध; तो जास्त असला की हेडफोन वाजवायला जोरही जास्त लागतो. डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतो. 'जास्त ओहम म्हणजे जास्त चांगला' अशा समजुतीने लोक २५० वाला घेतात, लॅपटॉपला जोडतात आणि मग आवाज बारीक येतो म्हणून कपाळाला हात लावतात. एचडी ६०० तर ३०० ओहमचा आहे. स्वतंत्र हेडफोन अ‍ॅम्प किंवा दमदार इंटरफेस (माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) नसेल तर ८० च्या आतबाहेरच राहा. एम५०एक्स ३८ ओहमचा आहे, मोबाइलवरही सहज वाजतो.

ब्लूटूथबद्दल दोनच वाक्यं. साध्या ब्लूटूथवर आवाज बऱ्याचदा दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि तेवढ्या उशिराने स्वतःचा आवाज ऐकत कुणालाही तालात गाता येत नाही. वायरचाच घ्या.

गायक गायब, आणि इतर तक्रारी

हेडफोन बिघडला म्हणून दुकानात परत नेण्याआधी पुढचं तपासा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

गाणं वाजतंय, पण गायकाचा आवाज जवळजवळ नाही, फक्त रिव्हर्ब (आवाजाचा घुमणारा पडसाद) आणि कडेची वाद्यं ऐकू येतात? कॅराओके ट्रॅकसारखं? पिन पूर्ण बसलेली नाही, किंवा वायरीतली अर्थची तार तुटली आहे. दोन्ही कानांची परतीची तार एकच असते. ती सुटली की डाव्या-उजव्यातला फक्त फरक कानात उरतो, आणि दोन्हीकडे सारखा असलेला मधला आवाज कापला जातो. खात्री करायला एखादी मोनो फाइल लावा. जवळपास शांतता पसरली तर चोर सापडला. आधी जाडी ६.३ मिलिमीटरची पिन फिरवून घट्ट बसवा. अडॅप्टरच बहुधा दगा देतो.

आवाज येतोय, पण डोक्यात मधोमध बसत नाही, कसाचसा पोकळ लागतो? इंटरफेसच्या मागच्या, स्पीकरसाठी असलेल्या बॅलन्स्ड लाइन-आउटमध्ये तर पिन खुपसली नाही ना? तिथे दोन्ही कानांना एकच चॅनल मिळतो, आणि एका कानात तो उलटा. हेडफोनचं भोक वेगळं असतं, त्याच्यावर हेडफोनचं चित्र असतं.

गाताना स्वतःचा आवाज दोनदा येतो? इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न फिरवता थेट कानात देणारी सोय) आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग, दोन्ही चालू आहेत. एक बंद करा, शक्यतो सॉफ्टवेअरमधलं.

बेस अचानक कमी झाला? चष्मा काढून ऐकून बघा. काडीमुळे गादी कानाभोवती नीट टेकत नाही आणि बेस त्या फटीतून निसटतो. गाद्या जुन्या होऊन चपट्या झाल्या तरी हेच होतं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत नकली लेदरच्या गाद्यांचे काळे पापुद्रे निघून कानाला चिकटतात, हे बहुतेकांनी अनुभवलं असेल. गाद्या सुट्या मिळतात. हेडफोन बदलायची गरज नसते. मात्र मखमली गाद्या बसवल्या की आवाजाचा पोत बदलतो, त्याची सवय पुन्हा करावी लागते.

सगळंच घुमतंय, लांबून आल्यासारखं वाटतंय? विंडोजमधलं स्पेशिअल साउंड आणि ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा. लॅपटॉपसोबत आलेलं 'सिनेमा इफेक्ट'वालं अ‍ॅपही.

आणि एक चूक जी मी स्वतः दोनदा केली आहे: हेडफोनची खोड झाकणारं करेक्शन प्लगइन मास्टरवर, म्हणजे पूर्ण गाण्यावर, चालू ठेवून गाणं एक्सपोर्ट करणं. ते प्लगइन आपल्या कानांसाठी असतं, श्रोत्यांसाठी नाही. एक्सपोर्टच्या आधी ते बंद केलंय का, हे कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवा. मी चिकटवलंय.

मोठ्याने ऐकणं

आवाज जितका मोठा, तितका बेस आणि ट्रेबल कानाला भरीव वाटतो. फ्लेचर आणि मनसन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. म्हणजे मोठ्याने मिक्स केलेलं गाणं हळू लावल्यावर पातळ लागतं. शिवाय कान शिणतात. ८५ डेसिबलला आठ तास ही अमेरिकेतल्या कामगारांसाठी शिफारस केलेली मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. शेजारी कुणी बोललं तर हेडफोन घालूनही कळेल, एवढ्याच आवाजावर काम करा. क्लोज्ड-बॅक असेल तर त्याहूनही कमी.

पॅनिंग आणि रिव्हर्ब हेडफोनवर फसवतात. स्पीकरचा डावा आवाज उजव्या कानालाही पोहोचतो, हेडफोनमध्ये तसं घडत नाही, त्यामुळे टाळ एका कानात नेऊन ठेवले की ते पार टोकाला लटकतात. शेवटचा निर्णय घेण्याआधी गाणं मोबाइलच्या स्पीकरवर, टीव्हीवर आणि कुणाच्या तरी गाडीत ऐका. त्या अभंगाचा डग्गा मी नंतर चार डेसिबलने वर आणला. मित्राने पुन्हा गाडीत लावला, काच थोडी थरथरली, आणि तो काहीच बोलला नाही.