सासूबाईंचा ‘खलाशी’ पूर्वज आणि माझे वाया गेलेले तीन महिने

नवरा ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरचा. त्यांच्या घरात सगळे सांगायचे की आपला पहिला माणूस इंग्लंडहून खलाशी म्हणून आला, पण त्याच्यापुढे कोणी काही बोलायचं नाही. सासूबाईंच्या लहानपणी कैदी पूर्वज म्हणजे लपवायची गोष्ट होती, आता तेच लोक कौतुकाने सांगतात. तो ‘खलाशी’ खरं तर कैदीच होता का, हे लॉकडाऊनमध्ये मी हौस म्हणून शोधायला घेतलं. तुम्ही पहिल्यांदाच करत असाल तर मी केली ती चूक करू नका.

मी नाव धरून बसले. १७८८ ते १८६८ या ८० वर्षांत ब्रिटिशांनी साधारण १ लाख ६२ हजार कैदी शिक्षा म्हणून ऑस्ट्रेलियात पाठवले, आमच्या माणसाचं नाव इतकं कॉमन की डझनभर तरी असतील. त्यातला एक लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात सापडला. तिथले १६७४ ते १९१३ चे खटले ऑनलाइन फुकट आहेत, कोण साक्षीदार काय म्हणाला, चोरलेल्या रुमालाची किंमत किती, वाचता वाचता रात्रीचे दोन वाजतात, आणि मी ठरवूनच टाकलं की हाच आपला. तीन महिने त्याच्यामागे. तो भलताच निघाला.

ओल्ड बेली म्हणजे मुख्यतः लंडन आणि आसपास, बाकीच्या इंग्लंडचं तिथे फारसं काही नाही. बारीकसारीक चोऱ्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, क्वार्टर सेशन्समध्ये (दर तीन महिन्यांनी भरणारं कोर्ट) चालायच्या, ते कागद त्या त्या काउंटीच्या अभिलेखागारात. मोठे गुन्हे असाइझ कोर्टात (फिरत्या न्यायाधीशांचं कोर्ट), ते कागद लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, पण त्यात खटल्याची हकिगत क्वचितच मिळते, त्यापेक्षा त्या गावचं जुनं वर्तमानपत्र बघा.

मग उलटीकडून सुरू केलं, म्हणजे ऑस्ट्रेलियाकडून. मृत्यूची नोंद, त्याआधी लग्नाची परवानगी (कैद्याला लग्नाला सरकारची परवानगी लागायची, आणि त्या नोंदीत जहाजाचं नाव असतं, हे माझ्यासाठी सोनं होतं). जहाज कळलं की साल पण लिहून ठेवा, कारण ‘एशिया’सारखं एकच जहाज अनेक फेऱ्या करायचं. मग क्यूचं एचओ ११ रजिस्टर, म्हणजे पाठवलेल्या कैद्यांची ब्रिटिश गृहखात्याची यादी, जहाजाप्रमाणे लावलेली: नाव, कुठल्या कोर्टात, कुठल्या तारखेला, किती वर्षं. गुन्हा काय ते त्यात नसतं, शोधत बसू नका. पण कोर्ट आणि तारीख ही जोडी मिळाली की ती सोडायची नाही, पुढच्या प्रत्येक कागदाशी ती जुळवायची. नाव जुळलं आणि तारीख नाही जुळली तर तो आपला नाही, कितीही मन झालं तरी. आणि खटला जिथे चालला तेच जन्मगाव असं धरू नका, हेही मी केलं होतं.

टास्मानियाचे कागद तर काय सांगू. ‘कॉन’ म्हणजे तिथल्या कैदी खात्याच्या नोंदवह्या. साधारण १८४३ पर्यंत आलेल्या पुरुषांचं वर्तनपत्रक कॉन ३१ मध्ये, नंतरच्यांचं कॉन ३३ मध्ये, बायकांचं कॉन ४० आणि ४१. स्कॅन फुकट बघता येतात. अक्षर मात्र असं की आजोबांची मोडीची दप्तरं आठवली, एकाच पानात चार कारकुनांचे हात, समासात कोंबलेलं. त्यात टीएल म्हणजे तिकीट ऑफ लीव्ह (शिक्षा संपण्याआधी स्वतःसाठी काम करायची मोकळीक), एफएस म्हणजे शिक्षा भोगून सुटला, सीपी म्हणजे सशर्त माफी. जन्मठेपवाल्याच्या पानावर एफएस दिसलं तर थांबा, काहीतरी चुकतंय, कारण त्याला माफीच लागायची. न्यू साउथ वेल्सला गेलेल्यांचे कागद वेगळे, ते सिडनीच्या राज्य अभिलेखागारात.

आमच्या माणसाचं पान शेवटी सापडलं. सफक काउंटी, क्वार्टर सेशन्स, कोंबड्या चोरल्या, ७ वर्षं. खाली, ज्याच्याकडे कामाला दिलं होतं त्या मालकाला उलट बोलला म्हणून फटके. धंदा: नांगऱ्या, म्हणजे शेतमजूर. समुद्राशी काडीचा संबंध नाही. मग खलाशी कुठून आला? वर्णनाचं रजिस्टर, कॉन १८, उघडलं. उंची, तोंडावर देवीचे वण, आणि डाव्या हातावर गोंदवलेला नांगर, जहाजाचा. असे नांगर कैद्यांत खूप दिसतात, खलाशी नसलेल्यांच्या हातावर पण.

सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, तो नांगर माझ्या आजीने पाहिला असणार.