अंदमानला डायव्हिंगला जाताना: काय बॅगेत भरायचं, काय तिथेच घ्यायचं

अंदमानच्या विमानाला बहुतेक तिकिटांवर १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन सामान मिळतं. स्कूबाचा स्वतःचा पूर्ण संच काट्यावर ठेवला तर १२ किलोच्या आसपास भरतो. बीसीडी (हवा भरून पाण्यात तरंगणं सांभाळायचं जाकीट) ३ ते साडेतीन किलो, रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारं उपकरण) अडीच ते तीन, फिन्स (पायात घालायची वल्ही) २, तीन मिलिमीटरचा वेटसूट पावणेदोन, बूट पाऊण किलो, आणि मास्क, टॉर्च, बोया, सुटे भाग मिळून आणखी दीड-पावणेदोन. शिवाय रिकाम्या बॅगेचेच २-३ किलो. कपडे मग कुठे ठेवणार?

म्हणून प्रत्येक वस्तू हातात घेऊन दोन गोष्टी पाहा. ती अंगाला नीट बसली नाही तर डायव्ह बिघडते का? आणि डायव्ह सेंटरवर तशीच चांगली वस्तू मिळते का? टाकी आणि शिशाची वजनं तर कधीच न्यायची नाहीत, ती सगळीकडे मिळतात.

निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सेंटरला मेसेज करून पाच गोष्टी विचारून घ्या. डायव्हच्या दरात सगळं सामान धरलंय का आणि स्वतःचं आणलं तर किती कमी होतील, डायव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजून अजून किती थांबता येईल ते सांगणारं मनगटी यंत्र) प्रत्येकाला मिळतो की फक्त इन्स्ट्रक्टरकडे असतो, तुमच्या पायाच्या मापाचे फिन्स आणि तुमच्या मापाचा सूट आहे का, टाकीचा व्हॉल्व्ह योक आहे की डिन (रेग्युलेटर टाकीला जोडायच्या या दोन पद्धती), आणि वेटसूट किती मिलिमीटरचा आहे. पाय खूप मोठा किंवा खूप छोटा असेल, अंगकाठी फार बारीक किंवा भक्कम असेल, तर मापाचा प्रश्न स्पष्ट आकडे देऊन विचारा. ‘सगळे साइज आहेत’ या उत्तरावर विसंबू नका.

मास्क: हा स्वतःचाच

सगळ्यांत आधी बॅगेत मास्क जातो. चेहऱ्याची ठेवण प्रत्येकाची वेगळी, आणि गळका मास्क पूर्ण डायव्हभर डोकं खातो. तपासायची पद्धत सोपी आहे. पट्टा मागे न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क जागेवर चिकटून राहिला पाहिजे. मिशी जाड असेल तर नाकाखालून पाणी झिरपतं. मिशीची वरची कड थोडी कातरली किंवा मिशीवर थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं की बराच फरक पडतो. व्हॅसलीन मात्र लावू नका, ते सिलिकॉनच्या कडेला खराब करतं.

नवा मास्क हटकून धुकट होतो. काचेवर आतून कारखान्यातला बारीक थर राहिलेला असतो, तो घरीच काढावा लागतो. साधी पांढरी, जेल नसलेली टूथपेस्ट वाटाण्याएवढी घेऊन आतल्या बाजूने बोटाने दोन-तीन मिनिटं चोळा, धुवा, आणि हेच तीन-चार वेळा करा. काच कोरडी करून आतून तोंडाची वाफ सोडा. वाफ लगेच विरली तर थर गेला. वाफ धरून राहिली तर अजून एकदा.

चष्मा लागत असेल तर नंबरच्या काचा बसवलेला मास्क घ्या. तयार काचा साधारण अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने मिळतात. पाण्याखाली वस्तू मुळातच जवळ आणि मोठ्या दिसतात, त्यामुळे मायनस नंबर थोडा कमी असला तरी चालतो. भाड्याच्या मास्कमध्ये तुमचा नंबर असेलच असं नाही, आणि कॉम्प्युटरवरचे आकडे वाचता आले नाहीत तर ती गैरसोय राहत नाही, धोका होतो. मास्क नेहमी कडक डबीत आणि केबिन बॅगेतच ठेवा.

कॉम्प्युटर

वजन जेमतेम १०० ग्रॅम. आठवडाभरात आठ-दहा डायव्ह होणार असतील तर शरीरात साठलेल्या नायट्रोजनचा हिशेब एकाच कॉम्प्युटरने ठेवला पाहिजे. सकाळी एक आणि दुपारी दुसरा मनगटावर बांधला, तर दुसऱ्याला सकाळच्या डायव्हची माहितीच नसते आणि तो जास्त वेळ खाली थांबायला सांगतो. निघण्यापूर्वी बॅटरी पाहा. बॅटरी घरी बदलता येणारी असेल तर तिची जोडीची ओ-रिंगही (पाणी अडवणारी रबरी कडी) नवी घ्या. जुनी ओ-रिंग चपटी झालेली असते आणि पाणी तिथूनच शिरतं.

फिन्स, बूट आणि सूट

वजन कापायला खरा वाव इथे आहे. मागे पट्टा असलेले फिन्स बुटांवर बसतात, म्हणजे पायाला बूट नीट बसला तर फिन भाड्याचा चालतो. पाऊण किलोचे बूट न्यायचे आणि दोन किलोचे फिन्स तिथे घ्यायचे, ही तडजोड बहुतेकांना पुरते. पूर्ण पायाचे फिन्स वापरत असाल तर ते मात्र स्वतःचेच न्या, कारण टाचेला घासून फोड आला की पुढचे तीन दिवस गेले. ओहोटीला होडीपर्यंत पाण्यातून, खडक आणि प्रवाळाच्या तुकड्यांवरून चालायची वेळ येऊ शकते. अशा वेळी जाड तळव्याचे बूट फार उपयोगी पडतात.

हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, पाणी साधारण २७ ते ३० अंश असतं. तीन मिलिमीटरचा सूट पुरतो. एवढ्या कोमट पाण्यातही थंडी वाजते, कारण पाणी शरीराची उष्णता हवेच्या कितीतरी पटीने वेगाने ओढून घेतं, आणि दिवसाच्या तिसऱ्या डायव्हला ते जाणवतंच. भाड्याचा सूट कंबरेच्या खळग्यात आणि काखेत सैल असेल तर पाणी सतत आत-बाहेर खेळतं, मग मिलिमीटरचा काही उपयोग नाही. तुम्हाला नेहमीच थंडी वाजत असेल तर पाच मिलिमीटरचा सूट नेण्यापेक्षा टोपी असलेलं पातळ बनियन न्या. ते अर्ध्या किलोत बसतं आणि जाड सुटाइतकं जास्त शिसं कंबरेला बांधावं लागत नाही.

रेग्युलेटर: नेण्याआधी पारखा

तीन-चार डायव्ह असतील तर भाड्याचा घ्या. आठ-दहा असतील आणि स्वतःच्या रेग्युलेटरची वर्षाच्या आत सर्व्हिसिंग झाली असेल तर न्या. सर्व्हिसिंग झालेलं नसेल तर तो घरीच राहिलेला बरा. सर्व्हिसिंग किमान महिनाभर आधी करा आणि नंतर एकदा तरी स्विमिंग पूलमध्ये वापरून पाहा. आतली सीट नवी बसवली की पहिल्या काही वापरांत मधला दाब थोडा सरकतो, आणि मग दुसऱ्या टप्प्यातून, म्हणजे तोंडात धरायच्या भागातून, हवा सुरसुर सुटायला लागते. हे अंदमानात बोटीवर कळण्यापेक्षा पुण्यात कळलेलं चांगलं.

टाकी नसतानाही घरी एक चाचणी होते. पहिल्या टप्प्यावरचं, म्हणजे टाकीला जोडायच्या भागावरचं, धूळ-झाकण घट्ट बसवा, माउथपीस तोंडात धरून हळू श्वास ओढा. काही आलं नाही पाहिजे, पडदा आत ओढल्यासारखा वाटून श्वास अडला पाहिजे. हवा येत असेल तर पडद्याला भोक आहे, बाहेर सोडायची झडप नीट बसलेली नाही किंवा माउथपीस फाटलंय. हीच चाचणी ऑक्टोपसवरही (जोडीदारासाठीच्या जादा दुसऱ्या टप्प्यावर) करा.

अंदमानात बहुतेक ठिकाणी ११.१ लिटरच्या ॲल्युमिनियमच्या टाक्या आणि योक जोडणी असते. तुमचा रेग्युलेटर डिनचा असेल तर योकचा अॅडॉप्टर विसरू नका. रेग्युलेटर केबिन बॅगेत न्या, होज (नळ्या) वेटोळं करून, मुडपू न देता. सुरक्षा तपासणीत जवान बॅग उघडायला सांगू शकतात, म्हणून तो वरच ठेवा.

भाड्याचा घेतलात तरी माउथपीस आणि दोन झिप टाय स्वतःचे न्या. जबड्याला बसणारं माउथपीस असलं की तासभर दात दुखत नाहीत. बोटीवर टाकी जोडल्यावर हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत चार-पाच श्वास घ्या. प्रत्येक श्वासाला काटा खाली-वर होत असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. हवेला तेलकट वास असेल तर ती टाकी परत करा.

बीसीडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भाड्याची चालते. इन्फ्लेटरचं (हवा भरायचं) बटण अडकत नाही ना आणि फुगवून ठेवल्यावर दहा मिनिटांत बसत नाही ना, एवढं पाहा.

छोट्या वस्तू

केशरी फुगता बोया आणि रीळ दोन्ही मिळून पाऊण किलोच्या आत बसतात. जॉनीज गॉर्ज, डिक्सन्स पिनॅकल अशा प्रवाहाच्या जागी वर येताना बोट तुम्हाला शोधते ती त्यावरून, म्हणून तो स्वतःचा असावा. शिवाय मास्कचा आणि फिनचा एकेक पट्टा, टाकीच्या ओ-रिंग्ज, थोडं सिलिकॉन ग्रीस. बॅटरी मात्र चेक-इनमध्ये टाकू नका. सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच, टोकांना चिकटपट्टी लावून. डायव्ह टॉर्चची बॅटरी काढून वेगळी ठेवा, कारण बॅगेत चालू झालेला टॉर्च पाण्याच्या थंडाव्याशिवाय फार तापतो, आणि विमान कंपनीला आधी विचारून घ्या. चाकू आणि दोर कापायची कात्री चेक-इनमध्ये.

तारकर्लीला किंवा मालवणला पहिल्यांदाच इन्स्ट्रक्टरबरोबर उतरणार असाल तर यातलं काहीच लागत नाही. पोहण्याचे कपडे, टॉवेल आणि चष्म्याचा नंबर आधी कळवणं पुरे. गाडीने जाणाऱ्यांना किलोची चिंताही नाही, फक्त पावसाळ्याचे महिने टाळा.

परतीचं वजन

जाताना १५ किलोत बसलेली बॅग येताना बसत नाही, कारण ओल्या सुटात आणि बीसीडीच्या पोटात पाणी राहतं. अनेक दिवस डायव्हिंग केल्यावर विमानाआधी किमान १८ तास पाण्याखाली जायचं नसतं, आणि बरीच सेंटर २४ तासच सांगतात. तो शेवटचा रिकामा दिवस सामान वाळवण्यासाठी वापरा. बीसीडीत इन्फ्लेटरमधून एक तृतीयांश गोडं पाणी भरा, खळबळवा, उलटी धरून बटण दाबत सगळं काढा आणि अर्धवट फुगवून टांगा. सूट आधी उलटा, मग सुलटा, सावलीत वाळवा. कडक उन्हात रबर लवकर तडकतं. रेग्युलेटर धुताना धूळ-झाकण आधी कोरडं पुसून घट्ट लावा आणि पाण्यात असताना पर्जचं (हवा जोरात सोडायचं) बटण दाबू नका, नाहीतर पाणी होजमधून थेट पहिल्या टप्प्यापर्यंत जातं.