टॉप ३० च्या अलीकडचं रग्बी लीग

वेस्टर्न सिडनीतल्या मराठी घरांत हल्ली हा प्रश्न हमखास निघतो: पोरगा रग्बी लीग खेळतो, कोच म्हणतात चांगला आहे, पुढे काही होईल का? मी फिजिओ आहे. ज्युनिअर आणि रिझर्व्ह ग्रेडच्या (मुख्य संघाच्या खालच्या संघातल्या) पोरांचे घोटे टेपने बांधत बरीच वर्षं काढलीत, त्यावरून सांगतो.

आधी खेळ. संघात १३ जण, ८० मिनिटं, आणि बॉल असलेल्या संघाला सहा टॅकल (टॅकल म्हणजे बॉलवाल्याला धरून अडवणं). सहाव्या टॅकलला बॉल समोरच्यांना द्यावा लागतो, म्हणून पाचव्यानंतर बहुधा किक. कबड्डी खेळलेल्याला टॅकल लवकर कळतो. दम निघतो तो नंतर: प्रत्येक टॅकल झाला की बचावाच्या फळीने १० मीटर मागे पळायचं, वळायचं आणि पुन्हा जाऊन आदळायचं. हुकरच्या (मधोमध खेळून बॉल वाटणाऱ्याच्या) वाट्याला मॅचमध्ये चाळीसेक टॅकल सहज येतात. टीव्हीचा कॅमेरा बॉलवर असतो, त्यामुळे हे मागे पळणं दिसत नाही. निवड करणारे नेमकं तेच बघतात.

पायऱ्या अशा: सोळा-सतराच्या वयात हॅरल्ड मॅथ्यूज कप, मग एसजी बॉल आणि जर्सी फ्लेग या वयोगटांच्या स्पर्धा, मग न्यू साउथ वेल्स कप आणि शेवटी एनआरएल, म्हणजे नॅशनल रग्बी लीग, सगळ्यात वरची व्यावसायिक स्पर्धा. तिथे क्लबच्या मुख्य यादीत ३० जण, तेच टॉप ३०. खरी गळती फ्लेग आणि न्यू साउथ वेल्स कपच्या दरम्यान होते. पोरगा वीस वर्षांचा, दिवसा नोकरी, संध्याकाळी ट्रेनिंग, पैसे जेमतेम, त्यात प्री-सीझन ऐन उन्हाळ्यात. सुतारकाम शिकणारा एक प्रॉप (पुढच्या फळीतला धिप्पाड खेळाडू) माझ्याकडे यायचा. टेबलावर बसला की आधी मोज्यातला भुसा झटकायचा, मग पाय पुढे करायचा. घोट्याला टेप, अंगठ्याला टेप. खांदा दुखतोय हे मला दिसत होतं. म्हणाला, "तिथे नको, कोचला दिसेल." त्याला पुढे करार मिळाला नाही, पण हातात सुतारकाम होतं. म्हणून शिक्षण किंवा एखादा ट्रेड सोडू देऊ नका, कोच काहीही म्हणोत.

करार मिळाला तरी त्याचं गणित वेगळंच. कराराचं शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आधीच, १ नोव्हेंबरपासून, खेळाडू इतर क्लबांशी बोलू शकतो. मग पुढच्या वर्षासाठी प्रतिस्पर्ध्याकडे सही करून तो सगळा सीझन जुन्या जर्सीत खेळतो. प्रेक्षक कुरकुरतात, व्यवहार तसाच चालतो. क्लबने खेळाडूंवर किती खर्च करायचा यालाही मर्यादा आहे. ती ओलांडली म्हणून मेलबर्न स्टॉर्मची २००७ आणि २००९ ची विजेतेपदं २०१० मध्ये काढून घेतली. त्यामुळे मधल्या दर्जाचा खेळाडू चांगला खेळूनही बाहेर जातो, कारण स्टारचा पगार वाढलेला असतो.

अंगकाठीचा बाऊ नको. एनआरएलमधले जवळपास निम्मे खेळाडू पॅसिफिक वंशाचे, दणकट. आपली पोरं त्यांच्यापुढे काडी वाटतात. पण इंग्लंडमध्ये लीड्सचा रॉब बरो जेमतेम १६५ सेंटीमीटरचा होता आणि सुपर लीगच्या आठ ग्रँड फायनल जिंकला. किरकोळ पोराने पासिंग आणि किकिंगवर घाम गाळावा.

डोक्याला मार लागला तर मात्र तडजोड नाही. २०२३ पासून एनआरएलमध्ये कन्कशनचं (मेंदूला बसलेल्या हादऱ्याचं) निदान झालं की साधारणपणे किमान ११ दिवस सक्तीने बाहेर. ज्युनिअरांना तर त्याहून जास्त थांबायला हवं. एखादा कोच "तोंडावर पाणी मार आणि जा" म्हणाला, तर पोराला गाडीत बसवा आणि पुढच्या आठवड्यात क्लब बदला.