सावली आणि पाण्याचा ताण सोसणारे हिरवळीचे गवत : नवा वाण पैदास करताना या चुका टाळा

पाण्याचा ताण आणि सावली यांच्या चाचण्या वेगवेगळ्या घेऊन दोन्ही गुण शेवटी एकाच वाणात जमून येतील असे गृहीत धरणे, ही या कामातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. सावलीत प्रकाशसंश्लेषण घटले की गवत तुटपुंजे अन्न आधी पानांकडे वळवते आणि मुळे उथळ राहतात. ताणात तग धरायला मात्र खोल मुळेच लागतात. त्यामुळे उघड्या वाफ्यात अव्वल ठरलेली निवड (निवडलेले रोप) झाडाखाली विरळ होऊ लागली, तर दोष बहुधा चाचणीच्या रचनेत असतो. दोन्ही ताण एकत्र देणारे वाफे पहिल्या निवडीपासूनच ठेवावेत.

चाचणीत सावलीसाठी लावलेली काळी शेडनेट प्रकाश कमी करते, पण त्याची प्रत, म्हणजे त्यातील रंगांचे प्रमाण, बदलत नाही. झाडाच्या पानांतून झिरपणाऱ्या प्रकाशात लाल किरण कमी आणि दूरलाल (लाल रंगाच्या पलीकडचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे) किरण तुलनेने जास्त असतात. तो बदल जाणवताच गवत कांडी लांबवून उंच होते. शिवाय झाडाची मुळे पाणीही ओढतात. नेटखालची निवड खऱ्या झाडाखाली पारखल्याशिवाय पुढे नेऊ नये. सावलीत भराभर उंच होणारे रोप जोमदार वाटते, परंतु नियमित कापणीत तेच लवकर थकते, कारण प्रत्येक वेळी त्याची बरीच पाने जातात. आखूड कांड्यांची, बसकी रोपे निवडावीत आणि हिरवळ ज्या उंचीवर राखायची आहे त्याच उंचीवर चाचणीतही कापणी करावी.

लहान कुंडीतील ताणाची चाचणीही फसवी असते. मोठे रोप पाणी लवकर संपवून कोमेजते, तर खुरटे रोप हिरवे राहते आणि नको तेच निवडले जाते. कुंडीऐवजी मातीने भरलेल्या खोल नळ्या वापराव्यात, मातीतील ओलावा मोजूनच तुलना करावी. गवत तपकिरी झाले म्हणजे मेले असेही नाही. हरळी सुप्तावस्थेत जाते, म्हणून पुन्हा पाणी दिल्यावर ती किती फुटते याला गुण द्यावेत.

३६ गुणसूत्रांची हरळी आणि १८ गुणसूत्रांची सायनोडॉन ट्रान्सव्हालेन्सिस (हरळीच्याच प्रजातीतील आफ्रिकी गवत) यांच्या संकरातून २७ गुणसूत्रांची वांझ संतती मिळते. १९६० साली प्रसारित झालेला ‘टिफवे’ हा वाण असाच आहे. अशा संततीकडून बियाण्याची अपेक्षा ठेवू नये. लागवड खोडाच्या तुकड्यांनीच होत असल्याने एखादा परका तुकडा शिरला तरी भेसळ पसरत जाते, म्हणून मूळ साठा साध्या हरळीपासून दूर ठेवावा आणि वेगळ्या पोताचा ठिपका दिसताच तो मुळांसकट काढून टाकावा.